निळ्या कोपऱ्यातला उजवा

मित्रांनो, मी एक जुना ग्लोव्ह आहे. मुष्टियुद्धाचा, उजव्या हाताचा, निळ्या रंगाचा. गोड बोलून तुमचं मन रमवावं असा माझा स्वभाव नाही. ज्याचं अख्खं आयुष्य लोकांच्या नाकाडावर आपटण्यात गेलं, त्याच्याकडून तुम्ही तशी अपेक्षाही करू नये. पण सांगायचं ते खरं सांगीन, आणि ते तुमच्या उपयोगाचं आहे.

माझा जन्म इथून फार दूर, उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे आमच्या पोटात दाबून दाबून फोम भरत आणि वरून जाड शिवण घालत. माझ्या जोडीला डावा आला. दिसायला माझ्यासारखाच, पण स्वभावाने पुढे पुढे करणारा. हलके हलके ठोसे मारायचे आणि टाळ्या घ्यायच्या, हे त्याचं काम. मी मागे थांबायचं, नेमकी वेळ यायची तेव्हाच निघायचं आणि सामन्याचा निकाल लावायचा. एवढी मोठी जबाबदारी अंगावर असल्यावर माणूस चिडचिडा होतो. ग्लोव्हही होतो.

खोक्यातून बाहेर काढलं तेव्हा मी डहाणूला होतो. रविंद्र सरांनी तिथे मुलामुलींसाठी बॉक्सिंगचा क्लब काढला होता. जागा म्हणजे पूर्वी चिकूच्या पेट्या भरायची पत्र्याची शेड. पेट्या गेल्या, तरी पिकल्या चिकूचा वास गेला नव्हता. मधोमध लोखंडी खांब होते, त्यांना दोर बांधून रिंग केलेली. सरावाला काय, सामन्याला काय, एक जोडी लाल आणि एक जोडी निळी. ज्याच्या वाट्याला निळा कोपरा यायचा, त्याच्या हातात मी जायचो. त्यामुळे माझा असा एक मालक कधी झाला नाही. तलासरीच्या हातांनी मला घातलं, कासाच्या हातांनी घातलं, डहाणूच्या बाजारातल्या हातांनी घातलं. सुरुवातीला सगळे माझं कौतुक करायचे. "काय मस्त निळा आहे," असं म्हणत मुलं मला गालाला लावून बघायची. मला ते आवडायचं. आता कबूल करायला काय हरकत आहे?

मित्रांनो, लोक बाहेरून बघतात. मी आतून बघतो. माझ्या पोटात हात असतो, त्यामुळे मला खेळाडूचं जे कळतं ते त्याच्या आईलाही कळत नाही. समोर बरोबरीचा असला की मूठ कशी गरम आणि जिवंत असते! आणि समोर आपल्यापेक्षा सरस कोणी उभा राहिला की तीच मूठ लाकूड होते. तळव्याला गार घाम फुटतो, अंगठा आत दुमडतो आणि हात गालाला जाऊन चिकटतो. लोक म्हणतात, मार खायला घाबरला. साफ खोटं! हाच हात सरावात मार खाऊन हसलेला असतो. खरी गोष्ट वेगळी आहे. समोरचा मोठा आहे हे एकदा मनात ठरलं की खेळणारा खेळत नाही, बघत बसतो. समोरचा काय करतो, किती छान करतो, आता पुढे काय करेल, हेच बघत राहतो. त्याचा हात जणू समोरच्याच्या परवानगीची वाट पाहतो. आणि मार देणारा कधी परवानगी देतो का?

असे गोठलेले हात मी खूप पाहिले आणि प्रत्येकाचा मला मनापासून संताप आला. त्यातला एक हात वेवजीच्या रविनाचा होता. आमच्याच क्लबातली रविना, जिच्या नावाने पुढे सगळ्या क्लबांच्या मुलींना घाम फुटायचा. नवीन होती तेव्हा ठाण्याकडच्या एका उंच मुलीसमोर तिला निळा कोपरा मिळाला होता. सामना सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तिने मला एकदाही पुढे काढलं नाही. नंतर ती शिकली, तयार झाली, लाल कोपऱ्याची राणी झाली. ती गोष्ट सगळे विसरले, बहुतेक ती स्वतःही विसरली. मी विसरलो नाही. पण मला तोंड कुठे आहे सांगायला?

मग आली किंजल. झाईची, भीमा तांडेलाची मुलगी. समुद्रावर बोट चालवणारा तो तांडेल, आणि किंजलचे वडील गावातले नावाजलेले तांडेल. ती कॉलेज सुटल्यावर एसटीने डहाणूला यायची. हात मजबूत, खांदा मजबूत, आणि सरावात तिचा उजवा ठोसा असा बसायचा की खांबाचे दोर हलायचे. मला वाटलं, चला, एवढ्या वर्षांनी माझी किंमत कळणारं कोणीतरी भेटलं.

रविनासमोर ती पहिल्यांदा उभी राहिली आणि माझा सगळा आनंद धुळीला मिळाला. रविना पुढे आली तशी किंजलने गुडघे वाकवले, कोपरं पोटाशी घेतली, मला आणि डाव्याला गालाशी लावलं आणि ती थांबली. नुसती थांबली! वरून ठोसे पडत होते आणि ही दम धरून बसली होती. दुसऱ्या वेळी तेच. त्या दुसऱ्या सामन्यानंतर रविना दोरावरून वाकून म्हणाली, "काय ग, झाईला सुकवायला टाकलेली मच्छी पण तुझ्यापेक्षा जास्त हलते."

शेड हसली.  सगळे पाणी प्यायला बाहेर गेले, तेव्हा किंजल एका लोखंडी खांबासमोर उभी राहिली आणि सामन्यात न मारलेले सगळे ठोसे तिने त्या खांबावर मारले. माझ्याच अंगावर! माझी शिवण उसवली आणि आतला फोम बाहेर आला. मी संतापाने आंधळा झालो होतो. मार खाल्ला तिने, आणि शिक्षा मला?

रविंद्र सर आत आले. त्यांनी मला उचललं, बघितलं आणि तिच्यासमोर धरलं.

"फाडलास ना? आता शिवून आण. दुसरा नाही आपल्याकडे."

"हो सर."

"आणि ऐक. महिनाअखेरीला कासाला सामने आहेत. तुझं नाव रविनासमोर देतो. जिंकलीस की हरलीस, मला फरक नाही पडत. पण परत अशी गोठून बसलीस, तर ग्लोव्ह इथे ठेवायचे आणि घरी जायचं. तुझ्या जागेवर दुसरी मुलगी शिकेल."

सरांचा आवाज कडक होता. मला वाटलं, बरं झालं, कोणीतरी बोललं.

अशा रीतीने मी एसटीत बसून झाईला गेलो. समोरच्या सीटवर रिकाम्या टोपल्या घेतलेल्या मावशी, खिडकीतून घोलवडच्या चिकूच्या वाड्या, आणि पिशवीत फाटका मी. घराच्या अंगणात बांबूवर बोंबील टांगलेले होते. किंजलची आई, चंद्रावती, ते उलटे करत होती. भीमा तांडेल ओटीवर जाळं दुरुस्त करत बसले होते. किंजलने मला त्यांच्यापुढे टाकलं.

"बाबा, एवढं शिवून दे."

झाईच्या माणसाला फाटलेलं काहीही द्या, तो चपलेपासून शाळेच्या दप्तरापर्यंत सगळं जाळ्याच्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवून देतो. भीमांनी मला मांडीवर घेतलं, दाभणात तोच हिरवा दोरा ओवला आणि माझ्या अंगात भोसकायला सुरुवात केली.

"कोणावर आपटलास एवढा?"

"खांबावर."

"खांबानं काय केलं होतं तुझं?"

 भीमांना सगळं ठाऊक होतं. गावात बातमी वाऱ्याबरोबर येते.

"समोर पोरगी असताना हात बांधून बसायचं, आणि मग लोखंडाला मारायचं," ते म्हणाले. "तांडेलाची पोर म्हणतात तुला. लाज वाटते मला. घाबरट कुठली!"

"घाबरट नाही मी!"

"मग कोण? मी?"

"तूच शिकवलंस!" किंजल एवढ्या जोरात ओरडली की आईच्या हातातला बोंबील खाली पडला. "लहानपणी बोटीत घ्यायचास तेव्हा काय सांगायचास? मोठी लाट आली की खाली बस, कड धर, हलू नको. लाट डोक्यावरून जाऊ दे. हललीस तर सगळ्यांना बुडवशील. किती वेळा ओरडलायस! आता ती रविना अंगावर आली की माझं अंग आपोआप खाली बसतं. मी सांगते त्याला, ऊठ, मार. ऐकतच नाही."

दाभण माझ्या तळव्याच्या मधोमध थांबलं. मला दुखत होतं, पण त्या वेळी कोणाला माझी काळजी?

"अगो, ते बसलेल्या पोरांना सांगतात," भीमा म्हणाले. "तांडेल काय खाली बसतो काय? बोट थांबली की आडवी होते, आणि आडवी झाली की संपलं. मोठ्या लाटेला नाळ समोर द्यायची, बोटीचं टोक तिच्या तोंडात घालायचं, आणि इंजिनाचा जोर सोडायचा नाही. जेवढी मोठी लाट तेवढं सरळ जायचं. हे पण ठाऊक नाही तुला? विपुलला विचार."

विपुल म्हणजे किंजलचा भाऊ.

"विपुलला तू सांगितलंस. मला कधी सांगितलंस?"

भीमांनी दाभण खसकन ओढलं.

"सुकाणू त्याच्या हातात दिलंस. मला म्हणालास, तू बस. मी बसले. अजून बसलेच आहे."

"पोरीच्या हातात सुकाणू कोण देतं?" भीमा चिडून म्हणाले. पण आवाजात पहिला जोर राहिला नव्हता.

"खरं बोलते ती," चंद्रावती अंगणातूनच म्हणाली. तिने वर पाहिलंही नाही. "अर्धं शिकवलंस आणि आता पोरीला नावं ठेवतोस. तुलाच लाज वाटायला पाहिजे."

भीमांनी दोऱ्याला अशी गाठ मारली की मी कळवळलो. नंतर त्यांनी मला किंजलच्या अंगावर फेकलं. त्या संध्याकाळी त्या घरात कोणी कोणाशी बोललं नाही. भांडी मात्र खूप वाजली.

सकाळी भरती आली. मी ओटीवर खुंटीला टांगलेला होतो. भीमा दारात आले आणि किंजलकडे न बघता म्हणाले, "चल."

"कुठे?"

"चल म्हटलं ना."

ते परत आले तेव्हा दोघेही नखशिखांत भिजलेले होते आणि वाटेपासूनच भांडत होते. खाडीच्या तोंडाशी, जिथे लाटा फुटतात, तिथे भीमांनी सुकाणूचा दांडा तिच्या हातात दिला होता. पहिल्याच मोठ्या लाटेला ती सवयीप्रमाणे खाली बसली होती. बोट आडवी झाली होती आणि निम्मं पाणी आत आलं होतं.

"उलथवली असतीस!" भीमा ओरडत होते. "माझी बोट! माझ्या डोळ्यांदेखत!"

"नंतरच्या लाटेला सरळ घातली ना?"

"उपकार केलेस!"

"उद्या परत देशील?"

"नाही देणार!"

पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दिला. तिसऱ्या दिवशीही दिला. रोज शिव्या आणि रोज सुकाणू, असं चाललं. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. पण संध्याकाळी सरावाला ती मला हातात घालायची, तेव्हा तळव्यावरचे फोड मला लागायचे. दांडा आवळून धरल्याचे फोड. आधी ते ओले होते, मग ते सुकले आणि तिथली कातडी जाड झाली.  मनात म्हटलं, बघू. गोठणारे हात फार पाहिलेत मी.

कासाला सामन्यांच्या दिवशी बाजार होता. मैदानाच्या एका बाजूला मांडव घातलेला, बाहेर जीपवाले चारोटी, चारोटी ओरडून प्रवासी गोळा करत होते, आणि आत धूळ आणि गर्दी. किंजलला निळा कोपरा, रविनाला लाल. भीमा आले नव्हते. बोट समुद्रात होती आणि तांडेल किनाऱ्यावर थांबत नाही.

रविना मधोमध आली. तिने आपले ग्लोव्ह आमच्यावर आपटले आणि हळूच म्हणाली, "आज तरी हल ग. पुतळ्याला मारून कंटाळा आलाय."

घंटा झाली. रविना पुढे आली आणि, मित्रांनो, तेच झालं. मूठ लाकूड झाली. तळवा गार पडला. किंजलचे गुडघे वाकले आणि मी तिच्या गालाला जाऊन चिकटलो. वरून ठोसे पडायला लागले. तिचा श्वास माझ्या कानाशी होता आणि ती बघत होती, नुसती बघत होती. मी मनातल्या मनात जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या घातल्या. समोर जी आहे तीही एकदा माझ्याच पोटात अशी गार पडली होती, मूर्ख मुली! हे मला ओरडून सांगायचं होतं. पण चामड्याला वाचा नसते. पहिला राउंड असाच गेला.

कोपऱ्यात सरांनी तिच्या तोंडावर पाणी मारलं.  मग माझ्या मनगटाच्या पट्ट्याला त्यांनी हात लावला, जणू आत्ताच सोडायचा आहे. किंजलने हात झटकन मागे ओढला.

दुसऱ्या राउंडला रविना पुन्हा तशीच आली, अंगावर, मोठी होऊन. किंजलचे गुडघे पुन्हा वाकायला लागले. तेवढ्यात माझ्या आत काहीतरी हललं. तिची बोटं आवळली गेली, फोड वाळून जाड झालेल्या त्याच जागेवर. ठोसा मारायला आवळतात तशी नव्हे. काहीतरी धरायला आवळतात तशी. आणि पाठोपाठ तिचा पुढचा पाय सरकला. मागे नाही, बाजूलाही नाही, सरळ रविनाच्या दिशेने. डाव्याने वाट मोकळी केली. त्या दिवशी मी त्याला सगळं माफ केलं. आणि मग मी निघालो.

रविनाच्या नाकावर मी जो बसलो, तो आवाज अजून माझ्या फोममध्ये आहे. ती थांबली. तिने डोळे मिचकावले. आणि किंजल थांबली नाही. ती पुढेच जात राहिली. मार बसत होता, तिलाही बसत होता, पण ती आडवी होत नव्हती. मांडवातल्या बाजारच्या लोकांना बॉक्सिंगचं काही कळत नव्हतं, तरी ते उभे राहिले होते.

आता तुम्ही विचाराल, जिंकली का? नाही. रविना तिच्यापेक्षा सरसच होती, आणि एका महिन्यात सरस माणूस कमी होत नाही. रेफरीने लाल हात वर केला. रविनाच्या नाकात कापूस होता. तिने हात मिळवला, पण तोंड वाकडं करून. "पुढच्या वेळी बघते तुला," ती म्हणाली. किंजल म्हणाली, "ये की." त्यांची मैत्रीबित्री काही झाली नाही. मला ते आवडलं.

किंजलने सरांसमोर दोन्ही हात पुढे केले, पट्टे सोडण्यासाठी. सरांनी मला उलटसुलट केलं. हिरवा दोरा तुटला होता आणि माझी शिवण पुन्हा उसवली होती.

"हा परत फाडलास," सर म्हणाले.

"हो सर."

"शिवून आण. सोमवारी वेळेवर ये."

झाईला पोचलो तेव्हा भीमा बोटीवरून नुकतेच आले होते. अंगाला मीठ, डोळे लाल.

"जिंकलीस?"

"नाही."

त्यांनी तोंड फिरवलं. किंजलने मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. भीमांनी उसवलेली शिवण बघितली. बोटाने तुटलेला दोरा चाचपला. तो दोरा सहज तुटत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"खांबावर?" त्यांनी विचारलं.

"नाही," किंजल म्हणाली.

भीमांनी मला उजेडाकडे वळवलं. मग त्यांनी खिशातून दाभण काढलं. आणि या वेळी त्यांनी मला दुखणार नाही असं शिवलं.

मित्रांनो, आता क्लबात नवे ग्लोव्ह आले आहेत. मला एका गोणीत टाकलं होतं, तिथून किंजलने मला घरी आणलं. मी ओटीवर खुंटीला असतो. समुद्राच्या वाऱ्याने कातडं भेगाळलंय, निळा रंग उडालाय, डावा कुठे गेला ते मला माहीत नाही. कधीकधी त्याची आठवण येते, एवढंच.

तुमच्याकडे एक मागणं आहे. खेळून झाल्यावर आम्हाला ओलेच पिशवीत कोंबू नका, उन्हात ठेवा, शिवण उसवली तर वेळेवर शिवा. तुमच्या न मारलेल्या ठोशांचा राग आमच्यावर काढू नका. आणि मोठे झालात की लहान मुलांना तुम्हीही सांगाल, "बस, हलू नकोस." जरूर सांगा. त्या वेळी ते खरंही असेल. पण ते मूल मोठं होतं, आणि "बस" म्हणणारा परत यायला विसरतो. तेवढं विसरू नका. त्याच्याजवळ परत जा, त्याच्या हातात सुकाणू द्या आणि सांगा, "आता ऊठ."